अठराव्या शतकातल्या युरोपात देवी टोचण्याचं शास्त्र: पद्धत, आकडे आणि चुका

दप्तरी (मूळ धागा)

युरोपातल्या देवीच्या इतिहासाचा विषय निघाला की चर्चा थेट १७९६ आणि गाईच्या देवीची लस देणाऱ्या जेनरवर जाते. त्याआधीची ८० वर्षं दोन ओळींत आटोपतात. खरं तर युरोपच्या वैद्यकाने मोजायला, तुलना करायला आणि आपलीच औषधं तपासून पाहायला याच ८० वर्षांत सुरुवात केली, आणि त्याला निमित्त झाल्या त्या देवीच. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे 'टोचणं' म्हणजे गाईच्या देवीची लस नव्हे. खऱ्या देवीच्या रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत घालायचा, सौम्य देवी येऊ द्यायच्या आणि जन्मभराची सुटका मिळवायची, अशी ती पद्धत होती.

इंग्लंडच्या रॉयल सोसायटीपुढे ही माहिती नीट आली ती कॉन्स्टॅन्टिनोपलमधला वैद्य इमॅन्युएल टिमोनी याच्या पत्रातून. पत्र १७१३ च्या डिसेंबरमधलं, सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं १७१४ मध्ये. पाठोपाठ याच विषयावर पिलारिनी या वैद्याची लॅटिन पुस्तिका १७१५ मध्ये व्हेनिसला निघाली. टिमोनीने दिलेली कृती अशी: सौम्य देवी आलेला, एरवी निरोगी असा तरुण रोगी निवडायचा. आजाराच्या बाराव्या-तेराव्या दिवशी त्याचे काही फोड टोचून पू स्वच्छ काचपात्रात घ्यायचा. पात्र अंगाशी धरून उबदार ठेवायचं. ज्याला टोचायचं त्याच्या दंडावर सुईने किंवा नश्तराने बारीक जखमा करायच्या, थेंबभर रक्त आलं की त्यात पू मिसळायचा. कपड्याला पुसला जाऊ नये म्हणून वर अक्रोडाचं अर्धं कवच काही तास बांधून ठेवायचं. पुढचे २०-२५ दिवस मांस वर्ज्य.

कॉन्स्टॅन्टिनोपलमधल्या इंग्रज वकिलाची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिने १७१८ मध्ये तिथेच मुलाला टोचून घेतलं आणि १७२१ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये मुलीला. दोन्ही वेळी शल्यवैद्य चार्ल्स मेटलंड हजर होता. ९ ऑगस्ट १७२१ रोजी त्यानेच न्यूगेट तुरुंगातल्या ६ कैद्यांना, सुटकेच्या अटीवर, टोचलं. सहाही जगले. त्यांतल्या एलिझाबेथ हॅरिसनला नंतर हर्टफर्डला देवीच्या रोग्यांच्या शुश्रूषेला ठेवलं आणि तिला देवी आल्या नाहीत. संरक्षण खरोखर मिळतं का, हे मुद्दाम तपासलं गेलं हे महत्त्वाचं. पुढच्या एप्रिलमध्ये राजघराण्यातल्या दोन मुलींना टोचलं आणि प्रथा रुजली.

सोनकी

उत्तम सुरुवात. एक प्रश्न: टिमोनीची पद्धत इतकी सोपी, तर मग इंग्लंडात तीच गोष्ट महिनाभराचं आजारपण कशी झाली? १७४०-५० च्या सुमाराच्या वर्णनांत रक्त काढणं, जुलाब, पथ्य, सगळंच येतं.

नश्तर

सोनकी, कारण ती विद्वानांच्या हाती गेली. हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

तेव्हाच्या वैद्यकात रोग म्हणजे रक्तातला बिघाड. लंडनचा विल्यम वॅगस्टाफ १७२२ मध्येच म्हणत होता की साध्या खाण्यावर जगणाऱ्या तुर्कांना जे चाललं ते जड आहारावर पोसलेल्या इंग्रजी रक्ताला चालेल कशावरून. त्याचा टोचण्याला विरोधच होता. पण समर्थकांनीही हा मुद्दा मनात धरला आणि उपाय काढला 'तयारी'चा: कित्येक आठवडे दूध-भाजीचा आहार, रक्त काढणं, रेचक, वांतीकारक. मूल आधीच अशक्त करून मग देवी द्यायच्या.

दुसरा बिघाड जखमेचा. टिमोनीचा बारीक टोचा जाऊन दोन्ही दंडांवर, कधी पायावरही, इंचभर लांब चीर आली. तीत पुवात भिजवलेला दोरा ठेवून वर पट्टी बांधत. चीर कातडीच्या पार खाली गेली की आतल्या चरबीत पू व्हायचा, व्रण महिनोन्‌महिने वाहायचा, धावरे (कातडी लाल होऊन पसरत जाणारी सूज) उठायचं. या पुवाळण्याचं त्यांना वाईट वाटत नसे, उलट विष बाहेर पडायला वाट मिळाली असं ते समजत. त्यामुळे चूक दिसत असूनही सुधारली गेली नाही.

ती सुधारली सफोकच्या रॉबर्ट सटनने आणि त्याचा मुलगा डॅनियल याने. डॅनियलने १७६३ पासून एसेक्समध्ये इंगटस्टोनला धंदा मांडला. ओझरता ओरखडा, पट्टी नाही, आणि पिकलेल्या पुवाऐवजी टोचलेल्याच माणसाच्या दंडावरचा कोवळा, पाण्यासारखा द्रव. ताप आला की अंथरुणात न गाडता मोकळ्या हवेत चालवायचं आणि थंड पाणी द्यायचं. सटन मंडळींनी आपल्या पुड्या गुप्त ठेवल्या आणि लोकांना वाटलं सगळी किमया पुड्यांत आहे. ती ओरखड्यात होती.

हर्टफर्डच्या थॉमस डिम्सडेलने १७६७ च्या पुस्तकात याच वळणाची पद्धत उघड छापली. त्यातले तपशील:

तयारी ९-१० दिवसांची, मांस-मद्य बंद. या काळात तीनदा, झोपताना एक पुडी: कॅलोमेल ८ ग्रेन, खेकड्याच्या नांग्यांचं संयुक्त चूर्ण ८ ग्रेन, टार्टर एमेटिक (अँटिमनीचा क्षार) १/८ ग्रेन. दुसऱ्या सकाळी ग्लॉबर क्षाराचं रेचक. (८ ग्रेन म्हणजे जवळजवळ अर्धा ग्रॅम कॅलोमेल, म्हणजे पाराच. आज वाचताना अंगावर काटा येतो.)

चीर १/८ इंचापेक्षा लांब नको. वरची पातळ साल भेदून खालच्या कातडीला नश्तराचं टोक जेमतेम लागलं पाहिजे. टोक आधीच ताज्या द्रवात ओलं केलेलं. पट्टी, मलम काही नाही.

मग रोज पाहायचं. दुसऱ्या दिवशी भिंगातून नारिंगी डाग. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटाला कडकपणा, खाज, बारीक पुटकुळी. सहाव्याच्या आसपास काखेत दुखणं आणि अवघडलेपणा. सातव्या-आठव्या दिवशी ताप, त्यानंतर फोड. काखेत दुखलं म्हणजे टोचणं लागलं अशी खूण. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत जागेवर काहीच नसेल तर पुन्हा टोचायचं.

याच डिम्सडेलने १७६८ मध्ये पीटर्सबर्गला जाऊन राणी कॅथरीनला टोचलं. बक्षीस १०,००० पौंड, वर्षासन ५०० पौंड, शिवाय सरदारकी.

गणितप्रेमी

आता आकडे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत टिकाऊ काम तुर्कस्तानात किंवा राजवाड्यात झालं नाही, ते यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स गावी झालं. तिथला वैद्य थॉमस नेटलटन टोचतही होता आणि आसपासच्या गावांत नैसर्गिक देवी किती जणांना आल्या, किती गेले, हे मोजूनही घेत होता. लीड्स: ७९२ आजारी, १८९ मृत. हॅलिफॅक्स: २७६ पैकी ४३. रॉचडेल: १७७ पैकी ३८. टक्केवारीत २४, १६ आणि २१.

ही पत्रं गेली रॉयल सोसायटीचा सचिव जेम्स ज्यूरिनकडे. हा वैद्य होता आणि गणितीही. त्याने लंडनच्या साप्ताहिक मृत्यूनोंदींची अनेक वर्षांची बेरीज करून दाखवलं की जन्मणाऱ्यांपैकी साधारण १४ त एक देवीने मरतो, आणि नैसर्गिक देवी आलेल्यांपैकी ५ किंवा ६ त एक. टोचलेल्यांत ५० त एकाच्या आसपास. मग त्याने जाहीर आवाहन केलं: टोचणाऱ्या प्रत्येकाने रोग्याचं वय, टोचण्याची रीत, कितव्या दिवशी आजार सुरू झाला, फोड कसे आले आणि शेवट काय झाला, हे कळवावं. हे वार्षिक अहवाल १७२३ ते १७२७ निघाले. पुढे शॉइख्त्सरने १७२९ मध्ये एकूण बेरीज दिली: ८९७ टोचले, १७ मृत्यू. यांत संशयित मृत्यूही धरले आहेत. ज्यूरिनने वादातल्या केसेस लपवल्या नाहीत, त्या तपशिलासह छापल्या, आणि त्याची विश्वासार्हता त्यातूनच आली.

स्कॉटलंडचे आकडे अलेक्झांडर मन्रोने १७६५ मध्ये दिले: ५,५५४ टोचले, ७२ मृत. म्हणजे ७७ त एक.

चिकित्सक

गणितप्रेमी, आकडे बरोबर आहेत, पण ५० त एक विरुद्ध ६ त एक ही तुलना सरळ मान्य करता येत नाही. टोचायला निवडत ती धडधाकट, बरं खाणारी मुलं. आजारी, कुपोषित आणि बहुतेकदा अगदी तान्ही मुलं बाजूला. नैसर्गिक देवी मात्र कोणालाच सोडत नव्हती. भाजक वेगळा, तर भागाकाराची तुलना कशी करायची? शिवाय टोचलेल्या माणसाकडून शेजाऱ्याला लागलेली देवी कोणाच्या हिशेबात? ज्यूरिनच्या तक्त्यात तो शेजारी 'नैसर्गिक' रकान्यात जातो, म्हणजे टोचण्याच्या दोषाने उलट टोचण्याचीच बाजू भक्कम दिसते.

गणितप्रेमी

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. टोचलेल्याला सौम्य आल्या तरी त्याच्यापासून लागलेल्याला पूर्ण जोराच्या येऊ शकत. यावर तोडगा दोनच: टोचलेल्याला वेगळं ठेवणं, किंवा गावातल्या, देवी अजून न आलेल्या सगळ्यांना एकाच वेळी टोचणं. इंग्लंडमधल्या खेड्यांत १७६० नंतर दुसरा मार्ग बराच वापरला गेला. लंडनसारख्या शहरात तो जमेना.

पहिल्या मुद्द्याबद्दल: निवडीचा परिणाम नक्की आहे, पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. बॉस्टनच्या १७२१ च्या साथीत ८४४ माणसं मेली, आजारी पडलेल्यांत साधारण ७ त एक. त्याच साथीत तिथल्या बॉयल्स्टन या वैद्याने टोचलेल्या २४० हून अधिक लोकांत ६ गेले, आणि त्याच्या यादीत प्रौढ आणि वयस्क माणसंही आहेत. त्याने हा वृत्तांत १७२६ मध्ये लंडनला छापला, वयोगट पाडून. निवडीवरच्या आक्षेपाला थोडंफार उत्तर देणारा तेव्हाचा पुरावा हाच.

नश्तर

आणखी एक पुरावा दिवसांचा. नैसर्गिक देवीत लागण झाल्यापासून ताप यायला साधारण १२ दिवस, टोचलेल्यात ७-८. म्हणजे रोगाची वाटचालच वेगळी. घसा-श्वासमार्गाऐवजी कातडीतून, मोजक्या जागी प्रवेश. शरीराला बचाव उभारायला जागा मिळते असं आज मानतात.

दप्तरी

देवी टोचण्याचं गणित मांडणाऱ्या बर्नुलीवर कोणी सविस्तर लिहील का? त्याचा निबंध ३० एप्रिल १७६० ला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाचला गेला आणि छापून आला १७६६ मध्ये.

गणितप्रेमी

लिहितो. डॅनियल बर्नुलीकडे वयानुसार देवीचे आकडे नव्हते. त्याने दोन गृहीतकं धरली: देवी न आलेल्यांपैकी दर वर्षी ८ त एकाला येतात, आणि आलेल्यांपैकी ८ त एक मरतो, वय काहीही असो. जिवंत माणसांचा तक्ता घेतला हॅलीचा, ब्रेस्लाव शहराचा. १,३०० जन्मांतून पहिल्या वर्षाअखेर १,०००, पाचव्या वर्षी ७३२.

त्या ७३२ पैकी देवी अजून न आलेले किती? कृती: वयाला ८ ने भागा (५/८ = ०.६२५). २.७१८ चा तेवढा घात काढा (१.८६८). ७ ने गुणा (१३.०८). १ मिळवा (१४.०८). या संख्येने ८ ला भागा (०.५६८). त्याला ७३२ ने गुणा. उत्तर ४१६, त्याच्या तक्त्यातही हेच. चोविसाव्या वर्षी हाच हिशेब केला तर सुमारे ३२ उरतात. म्हणजे पंचविशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांना येऊन गेलेल्या.

मग देवीचे मृत्यू तक्त्यातून वजा केले तर आयुष्याची सरासरी किती वाढते, ते काढलं: २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिने. ३ वर्षं २ महिन्यांचा लाभ. टोचण्याने २०० त एक मेला असं धरलं तरी सरासरी २९ वर्षं ७ महिन्यांच्या आसपास राहते. तोटा व्हायला टोचण्याने ९ त एक मरावा लागेल. एखादा उपाय करावा की नाही हे वयाच्या तक्त्यावरून ठरवण्याचं हे पहिलं मोठं गणित. साथरोगांची आजची समीकरणं याच घराण्यातली आहेत.

चिकित्सक

आणि त्याच वर्षी, १७६० च्या नोव्हेंबरमध्ये, फ्रेंच गणिती द'अलांबेरने त्याच अकादमीत बर्नुलीला अडवलं. त्याला टोचणं नको होतं असं नाही, तो त्याच्या बाजूचाच होता. त्याचा आक्षेप असा: टोचण्याचा धोका या महिन्यात अंगावर येतो, लाभ मात्र उतारवयाला जोडलेल्या वर्षांत मिळतो. सरासरी दोन्हींना सारखंच तोलते. राज्याला ती सरासरी पुरेशी आहे, कारण राज्याला माणसं मोजायची आहेत. मुलाच्या आईला ती पुरत नाही. शिवाय सगळ्या वयांना १/८ हे एकच माप लावायला बर्नुलीकडे निरीक्षणाचा आधार नव्हता. हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो.

फ्रान्समध्ये गाडी अडली ती मात्र वेगळ्या कारणाने. १७५४ मध्ये ला काँदामीनने अकादमीत जोरदार बाजू मांडली, १७५६ मध्ये जिनिव्हाच्या त्रोंशँने ऑर्लेआंच्या ड्यूकच्या मुलांना टोचलं, सरदारांत फॅशन आली. १७६३ मध्ये पॅरिसला साथ उसळली आणि ८ जूनला पार्लमाँने (तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने) शहरात टोचण्यावर बंदी घालून वैद्यक आणि धर्मशास्त्र या दोन्ही विद्यापीठ-शाखांचं मत मागवलं. वैद्यकवाल्यांतच दोन तट पडले. शेवटी १० मे १७७४ ला पंधरावा लुई देवीने मेला आणि जूनमध्ये नव्या राजाने भावांसह टोचून घेतलं.

सोनकी

देवी येतात कशाने, याबद्दल तेव्हा काय मत होतं? टोचल्याने येतात हे दिसल्यावर तरी संसर्ग मान्य झाला का?

दप्तरी

अर्धवट. जुनं मत असं की प्रत्येक माणूस देवीचं बीज जन्मतःच घेऊन येतो. बाहेरच्या ठिणगीने ते आंबतं, फोडांतून बाहेर पडतं आणि संपतं, म्हणून पुन्हा येत नाहीत. टोचणं या मतात छान बसत असे: आपण मुहूर्त ठरवून बीज बाहेर काढतो. म्हणून तर 'तयारी' हवी, आणि म्हणून व्रण वाहता ठेवायचा. नश्तर यांनी सांगितलेल्या चुकांचं मूळ इथे आहे.

लायडनचा वैद्य बुरहावे संसर्ग मानत असे, आणि पारा-अँटिमनीत देवीवर नेमका उतारा सापडेल अशी आशा त्याने लिहून ठेवली होती. डिम्सडेलच्या पुडीत हेच दोन का, याचं उत्तर मिळतं. टॉमस फुलरने १७३० मध्ये ठाम सांगितलं की प्रत्येक पुरळाच्या रोगाचं बीज वेगळं, देवीतून गोवर उपजणार नाही. पीसाचा अँजेलो गात्ती १७६० च्या दशकात त्याहून पुढे गेला: विष पूर्णपणे बाहेरचं आहे, शरीरात काही दडलेलं नाही, म्हणून निरोगी माणसाला तयारीची गरजच नाही. ज्याने कारण अचूक ओळखलं त्याची कृतीही सर्वांत साधी निघाली.

विल्यम हेबर्डनने १७६७ मध्ये कांजिण्या आणि देवी वेगळ्या करून दाखवल्या, हेही प्रत्यक्ष उपयोगाचं ठरलं. चुकून कांजिण्यांचं पाणी टोचलं की मूल सुरक्षित समजलं जाई आणि पुढे खऱ्या देवी येत. दोष मात्र टोचण्याच्या माथी.

नश्तर

तयारीची औषधं निरुपयोगी आहेत हे नुसतं म्हणणं वेगळं आणि तपासणं वेगळं. तपासलं विल्यम वॉटसनने, लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, १७६७ मध्ये. पहिल्या प्रयोगात ३१ मुलं: १० जणांना पारा आणि जलाप (एक रेचक मुळी), १० जणांना सोनामुखी आणि गुलाबाचं सरबत, ११ जणांना काहीच नाही. आहार एक, राहणं एक, टोचण्याचा द्रव एकाच ठिकाणचा. आणि निकालाचं माप? प्रत्येक मुलाच्या अंगावरचे फोड मोजायचे. 'बरं वाटलं' यापेक्षा कितीतरी पक्कं माप. पुढे आणखी दोन प्रयोग, एकूण ७४ मुलं. कोणी दगावलं नाही, आणि पाऱ्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही असा निष्कर्ष त्याने १७६८ मध्ये छापला. काहीच न दिलेला गट ठेवणं ही यातली मोठी गोष्ट. ती मुलं अनाथ होती आणि त्यांना कोणी विचारलं नाही, हेही इथे नोंदवायलाच हवं.

रानवारा

इथे बंगालचा संदर्भ यायला हवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला राहिलेल्या हॉलवेलने १७६७ मध्येच लंडनच्या वैद्य-महाविद्यालयाला उद्देशून बंगालातल्या ब्राह्मण टोचणाऱ्यांची पद्धत छापली. आधी ८-१० मिनिटं कोरड्या कापडाने दंड घासायचा. मग लहानशा नाण्याएवढ्या जागेत रक्त जेमतेम दिसेल असे हलके टोचे. मागच्या वर्षी टोचलेल्यांच्या फोडांतला पू लावून ठेवलेला कापूस २-३ थेंब गंगाजलाने ओला करून त्यावर ठेवायचा, पट्टी ६ तास. ताजा पू किंवा नैसर्गिक देवीचा पू कधीच नाही. सकाळ-संध्याकाळ थंड पाणी अंगावर, ताप आल्यावर थांबवायचं, फोड दिसू लागले की पुन्हा सुरू. महिनाभर मासे, दूध, तूप बंद.

उथळ टोचा, टोचलेल्याकडूनच घेतलेला पू, थंडावा: डिम्सडेलच्या पुस्तकातले कळीचे मुद्दे त्याच वर्षी बंगालच्या वर्णनात हजर आहेत. वर्षभर वाळवून ठेवल्याने पुवाचा जोर उतरत असणार.

चिकित्सक

रानवारा, पण जोर फार उतरला तर टोचणं लागतच नाही, आणि मूल सुरक्षित समजून फिरतं. जुना पू वापरण्यातला हा धोका युरोपात वारंवार नोंदलेला आहे. म्हणून सटन-डिम्सडेल ताज्या द्रवावर अडून राहिले.

दप्तरी

राहिला इंग्लंडमधल्या चेस्टरचा वैद्य जॉन हेगार्थ. १७७४ च्या साथीनंतर त्याने घरोघरी मोजणी करवली. लोकसंख्या १४,७१३. त्या साथीत १,३८५ जणांना देवी आल्या, २०२ मेले. शहरात देवी अजून न आलेले उरले फक्त १,०६०. या शेवटच्या आकड्यामुळे ही मोजणी माझ्या लेखी ज्यूरिनच्याही पुढची आहे, कारण पुढच्या साथीला सरपण किती शिल्लक आहे ते त्याने मोजलं. संसर्ग हवेतून लांब जात नाही, रोग्याच्या अगदी जवळच लागतो, असं त्याने दाखवलं आणि नियम केले: देवी न आलेल्याने त्या घरात जायचं नाही, फोड असेपर्यंत रोग्याने रस्त्यावर यायचं नाही, रोग्याला लागलेली प्रत्येक वस्तू धुवायची, आणि नियम पाळणाऱ्या गरीब कुटुंबाला पैसे द्यायचे. १७९३ मध्ये त्याने देवी पूर्ण नाहीशा करण्याची योजनाच छापली. तेव्हा जेनरचा पहिला प्रयोग व्हायला ३ वर्षं होती.

सोनकी

मग जेनरची लस आल्यावर जुनं टोचणं लगेच थांबलं?

नश्तर

नाही, आणि सुरुवातीला दोन्हींची सरमिसळ झाली. १७९९ मध्ये वुडव्हिलने लंडनच्या देवी-रुग्णालयात गोदेवीची लस शेकडो लोकांना टोचली. त्याच इमारतीत खऱ्या देवीचे रोगी होते. अनेकांच्या अंगभर फोड उठले. खऱ्या गोदेवीत टोचलेल्या जागीच फोड येतो, अंगभर नाही. लस देवीने दूषित झाली होती, आणि तीच लस पुढे इतरांना पाठवली गेल्याने कित्येक वर्षं वाद चालला.

रानवारा

आपल्याकडे ती आली वेगळ्या वाटेने. समुद्रमार्गे इतक्या लांबच्या प्रवासात लस मरत असे. व्हिएन्नाच्या जाँ द कारोने लोंबार्डीतल्या गाईंपासूनची लस काचेच्या पट्ट्यांमध्ये, मेणाने बंद करून खुष्कीने पूर्वेकडे पाठवली: कॉन्स्टॅन्टिनोपल, बगदाद, मग बसरा, आणि तिथून मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला ती लागली. इतरांना टोचलेली लागली नव्हती, त्यामुळे पुढची साखळी तिच्या एकटीच्या दंडावरच्या फोडापासून सुरू झाली. अशी लस टिकवायची तर फोड भरला की पुढचं मूल तयार लागे. उशीर झाला, द्रव गढूळ झाला, की साखळी तुटे.